मसुरीतला ससा, मामाची एअरगन आणि एक वायसर

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला येळ्ळूरच्या शिवारात मसुरीच्या कडेला चिखलात गुडघे टेकून बसलो होतो, आणि मागून मामी ओरडायली, "काय सांडलास रे तिथं?" सांडलं काही नव्हतं. सशाची पावलं बघायलो होतो. मामीला ते सांगितलं तर ती म्हणाली पावलं बघून काय करणार, माझी अर्धी मसूर खाल्ली त्यानं, त्याला बघ. तिचं पण बरोबर आहे. एका वाफ्यात शेंडे असे तिरके छाटले होते, जणू कुणीतरी ब्लेडनं कापलेत. उंदीर कुरतडतो ते वेगळं दिसतं, चघळल्यासारखं. सशाचं काम एकदम क्लीन.

ज्यांना आमच्याकडचं शिवार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूर, धामणे ही सगळी काळी जमीन, पावसाळ्यात भात आणि सुगी झाली की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. पाणी द्यायचं नाही, थंडी आणि दव यावरच पीक. बळ्ळारी नाला पावसाळ्यात भात बुडवतो ते रडगाणं वेगळंच, त्यावर लिहायला बसलो तर हे राहूनच जाईल. आणि वर राजहंसगड. गडाच्या उतारावर गवत आणि घाणेरीची झुडपं, ससे दिवसभर तिथं पडून असतात आणि अंधार पडला की खाली आमच्या मसुरीला पंगतीला येतात.

आता मूळ विषय. मामाच्या माळ्यावर एक जुनी एअरगन आहे. छऱ्याची बंदूक म्हणतो आम्ही. बॅरल मोडायची, मागून छर्रा घालायचा, परत सरळ करायची, झाली तयार. आत एक जाड स्प्रिंग आणि पिस्टन, आणि पिस्टनच्या तोंडाला चामड्याचा वायसर. त्याला अधूनमधून तेल पाजावं लागतं नाहीतर तो वाळून चुरमुऱ्यासारखा होतो आणि मग बंदूक फक्त फुस्स करते. मामानं ती वानरं आणि पोपट हाकलायला घेतली होती. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की चिंचा पाडायच्या, पावडरचे डबे ठोकायचे. मी त्यातल्या त्यात बरा होतो, निदान डबा तरी हलायचा.

२००३ सालची गोष्ट, मी नववीत. डिसेंबर, नाताळची सुट्टी. मावशीचा थोरला मुलगा, त्याला आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो, कॉलेजला होता आणि त्याला सशाचं याड लागलं होतं. कुणीतरी त्याला सांगितलेलं की थंडीत ससा अंगानं भरतो, मोठा होतो, रात्री बॅटरी मारली की जागच्या जागी बसून राहतो, एअरगननं आरामात पडतो. हे बेकायदा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णाला माहीत होतं, कारण तो सारखं म्हणत होता की मामाला सांगायचं नाही.

जेवण झाल्यावर पिंजाराच्या गंजीमागून निघालो. थंडी म्हणजे तोंडातून वाफ, पायात स्लिपर, दवानं बोटं बधिर. तीन सेलची बॅटरी माझ्या हातात, बंदूक अण्णाकडे. पाऊण तास काही नाही, फक्त लांब कुणाची तरी कुत्री. मग वाटाण्याच्या कडेला एक डोळा चमकला, एकच, कारण तो आडवा बसला होता. अण्णा फुसफुसला बॅटरी हलवू नको. अंतर किती असेल तर चाळीस पावलं तरी होतं. आणि ऐन वेळी अण्णानं बंदूक माझ्या हातात दिली, म्हणाला तुझा नेम बरा आहे, मार. हे मी बऱ्याच लोकांना सांगताना अण्णानं मारला असं सांगितलंय. मीच मारला.

थप्प असा ओला आवाज आला. आणि ससा किंचाळला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी ऐकला नाही त्यांनी रात्री दोन वाजता शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडतंय असं समजा. ससा एरवी आयुष्यभर मुका प्राणी, आवाजच नाही त्याला, आणि हे. तो एकदा वर उडाला आणि बांधाकडे पळाला, चांगला पळाला, म्हणजे मला वाटलं लागलंच नाही. अकरा वाजेपर्यंत शोधला. दुसऱ्या दिवशी पण जनावरांना वैरण आणायला जातो म्हणून शोधला. नाहीच.

तिसऱ्या दिवशी मामाला सापडला, बांधाच्या वईखाली, म्हणजे कुंपणाखाली, कावळ्यांमुळे. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कोयत्याच्या टोकानं मांडीतला छर्रा काढला, नळावर धुतला आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, जिथं आम्ही चहा पीत होतो तिथं जमिनीवर आणून ठेवला. बाजूला मामी मसूर निवडत बसली होती. छर्रा चेपून असा बसका झाला होता की सुपातून एक दाणा उडून पडलाय असंच वाटावं. तेवढाच आकार, तोच राखाडी तपकिरी रंग. मामीनं खरंच तो उचलून सुपात टाकायला हात पुढं केला आणि मग तिला वजन कळलं. अण्णानं चहा तसाच ठेवला. बंदूक माळ्यावर गेली.

पुढं मी डिप्लोमा केला आणि बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत लागलो, हायड्रॉलिक सिलिंडर आणि व्हॉल्व्हचं काम. म्हणजे दिवसभर प्रेशर, सील, ओ-रिंग म्हणजे रबराच्या कड्या आणि कुठून लीक होतंय हाच धंदा. त्या नादात एकदा कागदावर हिशेब मांडला. साधी एअरगन, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, वजन साधारण अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला २०० मीटर धरा. ऊर्जा येते १० जूल. १० जूल म्हणजे किती तर १६० ग्रॅमचा क्रिकेट बॉल ताशी ४० किलोमीटरनं टाकला तर जेवढी तेवढी. गल्लीत लहान भावाला अंडरआर्म टाकतो तसला बॉल. फरक इतकाच की ती सगळी ऊर्जा मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेवर येते, म्हणून कातडी फाटते. पण हे बॅरलच्या तोंडाशी. हलका छर्रा हवेत पटापट वेग सोडतो, आणि तीस मीटरला पोचेपर्यंत एक वीत खाली येतो. सशाच्या डोक्यात नेमकी जागा, डोळा आणि कानाच्या मुळाच्या मधली, तीन-चार सेंटिमीटरची. ती चुकली की ससा मरत नाही, म्हणजे मरतो पण तिसऱ्या दिवशी वईखाली.

दहा मीटर एअर रायफलमध्ये टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड मारलं ते याच प्रकारात, आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे हे ५० मीटरवाले, पण ती खरी काडतुसाची रायफल, एअरगन नव्हे. ही माणसं जाड जाकीट घालून, श्वास मोजून, वर्षानुवर्षं तेच करतात. आणि इकडे चहाच्या टपरीवर एकेक जण सांगतो, साठ मीटरवरून पाडला बघ, चालत्या बाईकवरून. मी आता काही बोलत नाही. नुसता विचारतो कुठं लागला. "लागला की, पळाला पण लागला." बरं बा.

मग २०१८ च्या डिसेंबरमध्ये वर्गमित्राचा व्हिडिओ कॉल आला. तो रशियात व्होल्गोग्राडला एमबीबीएस करायला गेलेला, आमच्या ग्रुपमध्ये डॉक्टर हेच त्याचं नाव. स्क्रीनवर आधी पांढराशुभ्र बर्फ, मग टोपीतून नुसतं नाक, आणि मग त्यानं कॅमेरा फिरवला तर एका म्हाताऱ्याच्या हातात उलटा धरलेला ससा. मी म्हटलं हे काय कुत्रं धरलंय काय. खरंच एवढा मोठा. आपला ससा दोन-अडीच किलोचा, हा किचनच्या काट्यावर ४ किलो ८०० ग्रॅम. त्याला तिकडं रुसाक म्हणतात. युरोपभर असतो, गव्हाच्या मोकळ्या रानात राहतो.

म्हातारा म्हणजे डॉक्टरचा घरमालक. शिकारीचं तिकीट, हत्याराचं लायसन, सगळं रीतसर. त्यांच्याकडे साडेसात जूलपर्यंतची एअरगन कुणीही घेऊ शकतो, त्याच्या वर २५ जूलपर्यंतची शिकारीची, तिला लायसन लागतं. ह्याची ६.३५ कॅलिबरची पीसीपी. म्हणजे स्प्रिंग नाही, रायफलमध्येच टाकी, त्यात हातपंपानं दोनशे-अडीचशे बार दाबानं हवा भरायची. दोनशे बार ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. आमचा शॉपमधला प्रेस चालतो तेवढ्यावर, आणि हा म्हातारा ते खांद्यावर घेऊन बर्फात हिंडायलाय.

डॉक्टर स्वतः बंदुकीला हात लावत नव्हता, त्याच्याकडे कागद नव्हते. तो नुसता मागं चालायचा आणि थंडीनं मरायचा. पण त्यानं जे सांगितलं ते मी आजतागायत विसरलो नाही.

तिकडं शिकार पहिल्या ताज्या बर्फावर. रात्री बर्फ पडून पहाटे थांबला की त्या सकाळला पोरोशा म्हणतात. कारण मग रानात जे ठसे दिसतात ते सगळे त्याच रात्रीचे, जुनं काही उरत नाही, पाटी कोरी. म्हातारा ठसा धरतो आणि चालायला लागतो. सशाचा ठसा उलटा वाचायचा असतो. पुढचे दोन पाय आधी टेकतात, एकामागं एक, आणि मागचे दोन त्यांच्याही पुढं जाऊन शेजारी शेजारी पडतात. म्हणजे मोठी जोडी दिसते तिकडं तोंड. नवीन माणूस हमखास उलट्या दिशेला चालत जातो, डॉक्टर पहिल्या दिवशी गेला होता.

आणि मग सशाची चलाखी. पहाटे झोपायला जाण्याआधी तो आपल्याच ठशांवरून माघारी येतो. दुहेरी रेघ. तिला ते द्वोयका म्हणतात. तिथून एकदम बाजूला लांब उडी, दोन-तीन मीटरची, झुडपात किंवा बांधावर, म्हणजे माग तिथंच तुटला. तिला स्कीद्का. कधी परत एक द्वोयका, परत एक स्कीद्का, आणि मग वाऱ्याकडं पाठ करून खळग्यात बसतो. बीळ नाही. ससा बिळात राहतो हे आपल्याला कार्टूननं शिकवलंय, ते रॅबिट, तो वेगळा प्राणी. ससा उघड्यावर बसतो, पिल्लंसुद्धा उघड्यावर, जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस.

तर दुहेरी रेघ दिसली की म्हातारा हळू व्हायचा आणि समोर बघायचं बंद करून बाजूला बघायचा. एअर रायफल असल्यामुळं त्याला चाळीस मीटरच्या आत, तेही बसलेला ससा पाहिजे. छऱ्यांच्या शॉटगनवाले ससा उठल्यावर पळताना मारतात, ह्याला ते चालत नाही, एकच गोळी आणि पळत्यावर नाहीच. म्हणून सगळा खेळ जवळ जाण्याचा. सरळ चालत जायचं नाही, तिरकं, जणू आपण भलतीकडंच निघालोय. आणि मुख्य म्हणजे थांबायचं नाही. तुम्ही चालत राहिलात तर ससा दबून राहतो, थांबलात की त्याला कळतं आपल्याला बघितलंय. सकाळी सातपासून दोनपर्यंत चालून म्हाताऱ्यानं एक गोळी मारली. आधीचे दोन ससे जवळ जायच्या आत उठून गेले, त्यानं बंदूक वरसुद्धा केली नाही.

मी विचारलं चव कशी. आंबट सायीत शिजवलं होतं म्हणे. "तिखट नाही काही नाही रे, पण थंडीत बरं वाटलं."

त्यात माझा पण हात लागला बरं का. जानेवारीत कॉल आला की म्हाताऱ्याची रायफल सकाळपर्यंत रिकामी होते, घरात टिकते, बाहेर ठेवली की हवा जाते. मी म्हटलं ओ-रिंग. साधं नायट्राइल रबर कडक थंडीत ताठ होतं आणि बसत नाही, आणि वरून हातपंपाच्या हवेतली ओल व्हॉल्व्हपाशी गोठते. थोडी मऊ, थंडीत चालणारी रिंग टाक आणि पंपाला ड्रायर लाव म्हणून सांगितलं. डॉक्टरनं मोडक्या रशियनमध्ये ते भाषांतर केलं. आठवड्यानं म्हाताऱ्यानं अंगठा दाखवलेला फोटो आला. माझ्या करिअरमधलं एकमेव एक्स्पोर्ट सर्व्हिस कॉल.

हे वाचून कुणी मला इनबॉक्समध्ये पीसीपी कुठं मिळते विचारू नका. आपल्याकडं ४.५ मिलिमीटरच्या वर कॅलिबर किंवा २० जूलच्या वर ताकद असली की लायसन लागतं, आणि लायसन असलं तरी ससा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार बंद आहे, कर्नाटकात तशी महाराष्ट्रात. सीमाप्रश्न कुणाच्या का बाजूनं लागेना, सशाला फरक पडत नाही. अरण्य खात्याचा एक गार्ड एकदा मामाच्या सोप्यात पाणी प्यायला थांबला होता, माळ्याकडं बघून मामाला म्हणाला, "मोला ब्याड री." कन्नडात मोला म्हणजे ससा, नको हो. मामा म्हणाले वायसर गेलाय साहेब, डबा पण फुटत नाही. दोघं हसले.

तर परत रविवारवर येतो. बर्फ कुठला आपल्याकडं, पण काळ्या मातीवर दव पडून वर पातळ चिखल झाला की तो बर्फाइतकाच चांगला कागद. दोन लहान ठसे एकामागं एक, पुढं मोठी जोडी. मी जोडीच्या दिशेनं निघालो. मसुरीतून वाटाण्यात, तिथं थोडा वेळ गोंधळ, लेंड्या पडलेल्या, खाल्लंय मनसोक्त. मग बांधाच्या कडेकडेनं गडाच्या दिशेला सरळ रेघ. आणि एका ठिकाणी ठसे दाट झाले. बघतो तर काही ठशांची जोडी इकडं, काहींची तिकडं. द्वोयका! येळ्ळूरच्या मसुरीत! मी खरंच मोठ्यानं म्हटलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

माघारी आलो सातआठ पावलं, आणि रेघ संपली. डाव्या हाताला बांध, त्यावर वाळलं गवत आणि घाणेरीचं एक झुडूप. म्हाताऱ्याची आठवण ठेवून थांबलो नाही, तिरका चालत राहिलो, नजर मात्र बाजूला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग गवतात एक डोळा दिसला. आधी डोळाच दिसतो, मग त्याच्याभोवती हळूहळू ससा जमत जातो. कान पाठीवर सपाट, मानेवरचा काळा पट्टा, नाकपुड्या हलत होत्या, मिशीच्या एका केसावर दवाचा थेंब लोंबत होता. चार पावलं. मीटरमध्ये मोजलं तर तीन. वीस वर्षांपूर्वी चाळीस पावलांवरून मारलं होतं मी.

पाचव्या पावलाला मी थांबलो. थांबायला नको होतं, माहीत होतं, पण थांबलो. गवत फाटल्यासारखा आवाज झाला आणि तो बांधावरून पलीकडं, दोन वाफे ओलांडून, गडाच्या उतारावर. खळग्याला हात लावला तर ऊब होती. माझ्या वितीपेक्षा थोडा लांब, मागच्या बाजूला खोल, गवत एका बाजूला चेपलेलं.

घरी आलो तर मामी चुलीपुढं. भाकरी टाकत विचारली, "दिसला काय?"

"दिसला की."

"मग? ती बंदूक काढ की माळ्यावरून. नुसती भीती दाखवायला. किती वर्षं झाली म्हणतोस वायसर आणतो म्हणून. त्या उद्यमबागेत एक वायसर मिळत नाही काय रे तुला?"

मामा कोपऱ्यात चहा पीत होते, बशीतून वर बघितलं नाही. चामड्याचा तुकडा, एक डाय आणि लेथवर दहा मिनिटं, त्याच्यापेक्षा जास्त काम नाही ते.

"ऑर्डर देऊन ठेवलीय मामी," मी म्हटलं, "साइज जुनी आहे, वेळ लागायलाय."